आधी अनुभव आणा

आमच्या सांगलीतल्या गल्लीच्या गणेश मंडळाने यंदा डॉल्बीचा खर्च वाचवून समाजकार्य करायचं ठरवलं आणि ते माझ्या अंगावर येऊन पडलं. पोरांना पहिली नोकरी शोधून देणारी वेबसाइट! "तू दिवसभर कॉम्प्युटरपुढंच असतोस की," अध्यक्षकाका म्हणाले. मी मानधनाचा विषय काढला तेव्हा प्रसाद वाटायला सुरुवात झाली.

मी साधं डिझाइन केलं. वर एक हिरवं बटण, 'नोकरी शोधा', आणि खाली कुपवाड एमआयडीसीतल्या जागा. मीटिंगमध्ये शांतता पसरली.

"आणि आम्ही कुठाय?" खजिनदारांनी विचारलं.

वेबसाइट म्हणजे वाऱ्याने न फाटणारा फ्लेक्स, अशी मंडळाची समजूत होती. मग हात जोडलेले, गॉगल लावलेले, फोन कानाला धरलेले असे अकरा चेहरे वर बसले. उपाध्यक्षांचा चेहरा अध्यक्षांपेक्षा नखभर मोठा झाला म्हणून दोन दिवस काम बंद होतं. बटण गेलं तळाला. मोबाइलवर चारदा अंगठा ओढला की दिसायचं.

चाचणीसाठी समोरच्या काकूंचा मुलगा बोलावला. आयटीआय, वेल्डर ट्रेड, ताजा पास. त्याने मोबाइल नंबर टाकला तो वडिलांचा. ओटीपी गेला उसाच्या रानात. वडील पाणी पाजत होते. "चार... नऊ... थांब, चष्मा घरात राहिलाय." बांधावरच्या कुणालातरी हाक मारून आकडे वाचून घेईपर्यंत ओटीपी बाद. तिसऱ्या खेपेला जमलं. मग फोटो. त्याने मावसभावाच्या लग्नातला कापून लावला. खांद्यावर कुणाचातरी मेंदीचा हात तसाच राहिला होता.

शेवटी पोरगं एका रकान्यावर येऊन थांबलं. 'पूर्वीचा अनुभव', पुढे लाल फुली. भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

"दादा, अनुभव असता तर हितं कशाला आलो असतो?"

तो रकाना मीच केला होता. म्हणजे, जुन्या एका कामातून उचलून चिकटवला होता. पण हे त्याला कशाला सांगायचं? मी घाईघाईने फुली काढली. तोवर त्याने लिहूनही टाकलं होतं: 'लग्नात वाढपी, दोन सीझन. जिलेबी विभाग.'

फुली काढून उपयोग काय म्हणा! पहिलीच जाहिरात आली ती अशी: 'फ्रेशर पाहिजे. किमान 2 वर्षांचा अनुभव आवश्यक.' मी मालकांना फोन केला. "फ्रेशर म्हणजे पगार फ्रेशरचा हो," त्यांनी समजावलं.

माझं अज्ञान बघून पोराला दया आली असावी. कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, 1961 चा कायदाच आहे, हे त्याने मला सांगितलं. राज्य सरकारच्या 2024 च्या कार्यप्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआयला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना, हेही त्याला तोंडपाठ. मी माहितीचं पान त्याच्याकडूनच लिहून घेतलं.

महिन्याभराने तो पेढे घेऊन आला. कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस लागला होता. मी हरखून विचारलं, "साइटवरून?"

"नाही. मालकांच्या मुलीच्या लग्नात जिलेबी वाढली होती. त्यांनी ओळखलं."

मंडळाने रीतसर ठराव करून साइटचं हे पहिलं यश जाहीर केलं. पोराचा फोटो, मेंदीच्या हातासकट, बाराव्या जागी बसला. बटण आता पाचदा अंगठा ओढल्यावर दिसतं.