‘खिचडी सरकार’ आणि हप्त्याची लिंक

चोपड्याकडे आमचे थोरले काका असतात, नाना. त्यांचा फोन आला तो थेट प्रश्नानेच. “भाऊ, हाई खरं शे का? सरकार पडनार शे नि हप्ता बंद व्हनार शे म्हने?” मागोमाग मेसेज आला, गावच्या ग्रुपवरचा, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का असलेला. हाच मेसेज एव्हाना मला अमळनेरहून आणि पारोळ्याहूनही आला होता. धुळ्याच्या एका प्राध्यापक मित्राने तर वर ‘विचार करण्यासारखे’ असं लिहून पाठवला. ठीक आहे, करू विचार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: २०२४ ला एकाही पक्षाला लोकसभेत बहुमताच्या २७२ जागा मिळाल्या नाहीत, म्हणून दिल्लीतलं सरकार घटनाबाह्य आहे. खिचडी सरकार या देशात एकदाही पाच वर्षं टिकलेलं नाही. चंद्राबाबू नाहीतर नितीशकुमार, एकाने जरी हात काढला तरी सरकार त्याच दिवशी पडेल आणि त्या दिवसापासून शेतकऱ्याचा पीएम किसानचा हप्ता आणि रेशन बंद. धुळ्यात सहापैकी पाच ठिकाणी पुढे असलेला उमेदवार पडला, म्हणजे मशीनमध्ये घोळ. सगळा पैसा आंध्र-बिहारला, महाराष्ट्राला भोपळा. आणि सगळ्यात खाली: हप्ता चालू ठेवायचा असेल तर आजच या लिंकवर नाव पक्कं करा.

पहिला मुद्दा दोन मिनिटांत संपतो. राज्यघटनेचं कलम ७५ उघडा. पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असतं, असं तिथे आहे. एका पक्षाला २७२ हव्यात असं कुठेही नाही. लोकसभेचा विश्वास पाहिजे, तो एका पक्षाचा असो की दहांचा. भाजपला २४०, चंद्राबाबूंच्या तेलुगू देसमला १६, नितीशकुमारांच्या जेडीयूला १२, आणि भाजपची सगळी आघाडी, म्हणजे एनडीए, मिळून २९३. ९ जून २०२४ चा शपथविधी याच हिशोबावर झाला. नरसिंह राव १९९१ ला पंतप्रधान झाले तेव्हा काँग्रेसकडे बहुमत नव्हतं, तरी पाच वर्षं काढली. कशी काढली हा वेगळा विषय. जुलै १९९३ चा अविश्वास ठराव २६५ विरुद्ध २५१ असा निभावला आणि त्या मतांसाठी खासदारांना लाच दिल्याचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आता हप्त्याचं. बाकी मेसेज खोटा आहे, हा भाग मात्र घातक आहे.

आधी आकडा. २९३ मधून चंद्राबाबूंचे १६ गेले तर २७७ उरतात. नितीशकुमारांचे १२ गेले तर २८१. दोन्ही २७२ च्या वरच. दोघे एकदम गेले तर २६५, तेव्हा अडचण खरी. पण ‘एकाने जरी’ हे गणित चौथीच्या पोराकडूनही तपासून घेता आलं असतं. बरं, हेच तेलुगू देसम मार्च २०१८ मध्ये एनडीए सोडून गेलं होतं. जुलैत त्यांनीच अविश्वास ठराव आणला. ठरावाच्या बाजूने १२६, विरोधात ३२५. तेव्हा भाजपचं स्वतःचंच बहुमत होतं म्हणा, पण मित्र गेला त्या दिवशी सरकार गेलं, असं आपोआप काही होत नाही. लोकसभेत मतं मोजावी लागतात.

आणि समजा पडलंच. मग काय? १७ एप्रिल १९९९ आठवा. वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत तेच काळजीवाहू म्हणून राहिले. त्या वर्षीचा अर्थसंकल्प सरकार पडल्यावरही लोकसभेने मंजूर केला, विरोधकांनी आडकाठी केली नाही. कारगिलचं युद्ध मे ते जुलै १९९९ मध्ये झालं, म्हणजे पडलेल्या सरकारच्याच काळात. पडलेलं सरकार युद्ध लढू शकतं, पण नानांच्या खात्यात दोन हजार टाकू शकत नाही?

रेशन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळतं. मंत्री बदलला म्हणून कायदा गळून पडत नाही. पीएम किसान हा कायदा नाही, योजना आहे, त्यामुळे उद्याचं एखादं सरकार ती बंद करू किंवा बदलू शकतं, इतपत मान्य. पण वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, संसदेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पातून येतात. चंद्राबाबूंच्या खिशातून येत नाहीत. उलट, मेसेज ज्याला बेकायदा म्हणतो त्या सरकारने १० जून २०२४ ला पहिली सही केली ती याच योजनेच्या १७ व्या हप्त्यावर. १८ जूनला पैसे सुटले. १८ वा हप्ता ५ ऑक्टोबरला आपल्या वाशिममधूनच सुटला.

मग ही भीती घालायची कशाला? ती लिंक बघा म्हणजे कळेल. नानांनी ती उघडली होती. नाव, गाव, आधार क्रमांक, सगळं भरून झालं होतं. पुढे एक फाइल फोनवर उतरवून घ्या म्हणून सांगत होती, तिथे फोनने धोक्याचा इशारा दिला म्हणून नाना अडखळले आणि मला फोन केला. पेरणीच्या तोंडावर, कपाशीच्या बियाण्याला पैसे जोडायचे त्या दिवसांत, हप्ता बंद होणार म्हटल्यावर माणूस कशावरही बोट ठेवतो. मेसेज बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक आहे. ती फाइल एकदा फोनमध्ये बसली की बँकेचे ओटीपी परस्पर वाचले जातात. यातही अर्धं खरं मिसळलंय: ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, खरोखरच लागते. पण ती सरकारी संकेतस्थळावर होते, ज्याच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं, नाहीतर गावच्या सीएससी केंद्रात, जिथे सरकारी ऑनलाइन कामं होतात तिथे, अंगठा लावून. सरकार राहिलं की पडलं याच्याशी तिचा संबंध नाही.

म्हणून तर हा मेसेज कोणत्या पक्षाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. वर सरकार बेकायदा म्हणून एका बाजूचा माणूस खूश, खाली धुळ्याचं मशीन म्हणून दुसऱ्या बाजूचा. दोघंही फॉरवर्ड करतात. पक्षाचा मेसेज नव्हेच हा, लिंकचा आहे. राजकारण वरून भुरभुरलंय.

धुळ्याचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण ते लिंक नसतानाही चहाच्या टपरीवर ऐकू येतं. धुळे लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य. २०२४ ला भाजपचे सुभाष भामरे पहिल्या पाचांत मिळून सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते, हे खरं. मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव सुमारे १ लाख ९४ हजारांनी पुढे गेल्या, हेही तितकंच खरं. वजाबाकी करा. निकाल ३,८३१ मतांचा लागला. लोकसभेला तालुके मोजत नाहीत, मतं मोजतात. एका भागाने एकगठ्ठा मत दिलं हे कुणाला खटकू शकतं, त्यावर राजकारण व्हायचं ते झालंही. पण आपल्याकडची कितीतरी गावं एकाच चिन्हाला धो-धो मतं देतात, तेव्हा त्याला आपण ‘गाव एकजुटीचं आहे’ म्हणतो.

आणि मशीन? २०१४ ला आणि २०१९ ला याच सहा मतदारसंघांतून भामरेच निवडून आले. तेव्हा मशीन बरं होतं वाटतं. २०२४ लाच, निकालाच्या त्याच ४ जूनला, जळगावात भाजपच्या स्मिता वाघ आणि रावेरात भाजपच्याच रक्षा खडसे अडीच लाखांहून जास्त मतांनी जिंकल्या. नंदुरबारला काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाच्या वर फरकाने आले. खान्देश आणि मालेगाव मिळून चार जागा, दोन इकडे, दोन तिकडे. असा घोळ करणारं मशीन भलतंच समतोल म्हणायचं. शिवाय प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रांच्या, चिठ्ठ्या हाताने मोजून मशीनशी ताडतात आणि मतदान संपताना बूथवरच्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना झालेल्या मतदानाचा हिशोब नमुना १७-सी वर लिहून देतात. ज्याला शंका आहे त्याने तो कागद मागावा.

‘एकदाही टिकलं नाही’ हे निखालस खोटं. मनमोहनसिंगांची दोन्ही सरकारं आघाडीची, २००४ ते २०१४, पूर्ण दहा वर्षं. वाजपेयींचं १९९९ चं सरकारही साडेचार वर्षं चाललं आणि निवडणूक त्यांनी स्वतःच लवकर घेतली. १९८९ ते ९९ या दशकात मात्र व्ही. पी. सिंग, चंद्रशेखर, देवेगौडा, गुजराल अशी रांग लागली. लोकांच्या डोक्यात तेच बसलंय, त्याला इलाज नाही.

राहिला भोपळा. इथे मला थोडं मागे यावं लागतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आंध्रची राजधानी अमरावतीसाठी १५ हजार कोटींची आणि बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटींची तरतूद जाहीर झाली. ज्यांच्या टेकूवर सरकार उभं आहे त्यांचं पान आधी वाढलं गेलं, हे दिसतंच, त्यासाठी अर्थतज्ज्ञ व्हायला नको. पण महाराष्ट्राला भोपळा? त्याआधीच जूनमध्ये वाढवण बंदराला ७६ हजार कोटींची मंजुरी मिळाली होती. ते पालघरला, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. बरं, मग २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग मंजूर केला: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, मालेगाव-धुळे-शिरपूरकडून. तेही धुळ्याने विरोधी पक्षाचा खासदार निवडल्यावर तीन महिन्यांत. आमच्या आधीच्या पिढीने या गाडीची नुसती भाषणं ऐकली. मंजुरी म्हणजे रूळ नव्हेत, आणि गाडी शिरपूरला शिट्टी देईल तेव्हाच मी पेढे वाटीन. पण भोपळा म्हणता येत नाही.

‘किमान वीस जणांना पाठवा,’ असं शेवटी लिहिलंय. ज्यांनी पाठवलाय त्यांनी ग्रुपवरून काढून टाका. ज्यांनी फाइल उतरवली आहे त्यांनी फोनचा डेटा लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि मग ती फाइल काढा. आधार क्रमांक दिला असेल तर आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचा ठसा वगैरे, लॉक करून घ्या, सीएससीवाला करून देईल.