हिरव्या चौकोनाआडची जोखीम

ऑडिट जवळ आलं की बऱ्याच संस्थांमध्ये सिक्युरिटी रिस्क असेसमेंटची, म्हणजे सुरक्षेला कुठून किती धोका आहे हे मोजण्याची, आठवण होते. गेल्या वर्षीची एक्सेल शीट उघडायची, तारीख बदलायची आणि सुरू. प्रत्येक धोक्याला पाचपैकी गुण द्यायचे, गुणाकार करायचा आणि चौकोन रंगवायचा: "शक्यता किती? तीन. परिणाम? चार. म्हणजे बारा, पिवळा." तासाभरात शीट भरते.

त्या गुणाकारावर माझा काडीचा विश्वास नाही. रोज होणारी किरकोळ चूक ५ गुणिले १, आणि क्वचित घडून संस्थेलाच खाली बसवणारी घटना १ गुणिले ५. शीटच्या लेखी दोन्ही सारख्याच!

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर दरोडा पडला. चोरांनी स्विफ्टवरून, म्हणजे बँका एकमेकींना पैशांचे आदेश पाठवतात त्या जाळ्यावरून, न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला बनावट आदेश पाठवले. मागणी होती सुमारे ९५ कोटी डॉलरची. त्यातले ८ कोटी १० लाख फिलिपाइन्सच्या खात्यांत पोचले. आता गंमत बघा. स्विफ्टच्या व्यवहारांची नोंद छापणारा प्रिंटर त्याच वेळी बंद पडला होता आणि लोकांना वाटलं, प्रिंटरच तो, बिघडायचाच. प्रत्यक्षात तो चोरांनी घुसवलेल्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) गप्प केला होता. रिस्क रजिस्टरमध्ये, म्हणजे धोक्यांच्या यादीत, प्रिंटरची नोंद असली तरी 'चोरी झाल्याचं सांगणारा पहिला साक्षीदार' म्हणून कोण करणार?

मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन सायबर हल्ल्यामुळे बंद ठेवावी लागली. हल्लेखोर कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरले होते ते वापरात नसलेल्या, पण बंद करायच्या राहिलेल्या व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून घ्यायच्या) खात्यातून. नुसता पासवर्ड पुरला, ओटीपीसारखी दुसरी पायरीच नव्हती. खंडणी ७५ बिटकॉइन. सोडून गेलेल्यांची खाती कोण बंद करतं, हे एचआर आणि आयटीला वेगवेगळं विचारून बघा. दोघंही बहुधा एकमेकांकडे बोट दाखवतील.

म्हणून मी शीट बंद करून आधी काम करणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन बसते. "हे अडलं तर काय करता?" एवढंच विचारायचं. एकदा पेमेंट करणारी मुलगी अगदी सहज म्हणाली, "चेकरचं टोकन माझ्याच ड्रॉवरमध्ये असतं, मॅडम. साहेब फिरतीवर असतात ना." चेकर म्हणजे तिने भरलेलं पेमेंट तपासून मंजूर करणारा दुसरा माणूस आणि टोकन म्हणजे त्याच्या मंजुरीची किल्ली. कागदावर तिथे 'दुहेरी मंजुरी: आहे', चौकोन हिरवागार. तिला दोष कसा द्यायचा? पेमेंट थांबलं तर बोलणी तिलाच बसणार. (असं कुणी सांगितलं की लगेच मेमो काढू नका. पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.)

आणि तो 'जोखीम स्वीकारली', म्हणजे धोका माहीत आहे पण तसाच ठेवलाय, असा रकाना! स्वीकारली कुणी? बहुतेकदा आयटीतल्या एखाद्या ज्युनिअरचं नाव असतं, ज्याच्या हातात ना बजेट, ना अधिकार. तिथे ज्याच्या खात्याचं नुकसान होणार त्या प्रमुखाचीच सही हवी, तारखेसकट. सहीसाठी कागद समोर ठेवला की वर्षभर "पुढच्या क्वार्टरला बघू" म्हणणारे साहेब पहिल्यांदाच विचारतात, "बरं, हे दुरुस्त करायला खर्च किती येईल?"