झाडाखाली वर्ग भरवताना घ्यायची काळजी

गुरुजी, बाई, येत्या शनिवारी वर्ग बाहेर न्यायचाच असं ठरवलं असेल, तर आधी बॅनर छापून घ्या. झाडं कुठे जात नाहीत. बॅनरवाला मात्र शुक्रवारी संध्याकाळी शटर ओढून गावाला जातो. बॅनरवर तारीख मोठी, मान्यवरांची नावं त्याहून मोठी आणि 'परिसर भेट' उरलेल्या जागेत.

2024 पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' हा सरकारी उपक्रम असल्यामुळे आनंद आता ऐच्छिक विषय राहिलेला नाही. तो झाल्याचे फोटो ग्रुपवर वेळेत पडायला हवेत. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटतायत ना, तेवढं बघा. अक्षांश नसलेल्या झाडाखाली मुलं शिकत नाहीत.

शाळा द्विशिक्षकी असली तरी घाबरू नका. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरतात, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. तुम्ही तिसरी-चौथी घेऊन बाहेर पडलात की पहिली, दुसरी, खिचडीचे तांदूळ मोजणं आणि 'आजच भरा' म्हणून आलेली लिंक एवढंच काय ते जोडीदाराकडे उरतं. तो सोमवारपर्यंत तुमच्याशी बोलणार नाही.

मुलांना दोघादोघांचे हात धरून चालवा आणि ओळ थांबू देऊ नका. थांबली की मुलं बघायला लागतात. पावसाळ्यात वाटेवर हमखास वाणी, म्हणजे तो पुष्कळ पायांचा किडा, असतो. कुणीतरी काडी लावतं, तो चकलीसारखी गुंडाळी करतो आणि अख्खी ओळ उकिडवी बसते. एक जण पाय मोजायला लागतो, चाळीसपाशी चुकतो, पुन्हा एकपासून. दुसरी म्हणते, "जोडीनं मोज की, लवकर हुतंय." हा गणिताचा तास नव्हे, हे तिथल्या तिथे स्पष्ट करा. 'शी, हात लावू नको, चावतो' हे वाक्य पाठ असू द्या. वाणी चावत नाही, पण वाक्य सगळ्यांना चालतं.

माझं ऐका, कृतिपत्रिका मात्र आदल्या दिवशी झेरॉक्स करू नका. मागच्या श्रावणात आम्ही विहिरीवरच्या बाभळीपाशी गेलो. मी सुगरणीची घरटी दाखवली आणि आवाज जरा ओला करून म्हणाले, "बघा, आई पिल्लांसाठी किती कष्टानं घर विणते!" मेंढरांमागे फिरणारा चौथीतला एक जण म्हणाला, "बाई, आई न्हाई ती. पिवळ्या डोक्याचा नर हाय. त्योच इणतो. मादी येती, बघती. न्हाई आवडलं तर जाती निघून. मग त्यो ते अर्धंच सोडतो न् दुसरं घेतो."

बाभळीला खरंच तीन-चार अर्धवट घरटी लोंबत होती, उलट्या टोपीसारखी. पोरगं बरोबर होतं. पण कृतिपत्रिकेत 'घरटे कोण विणते?' आणि माझ्या उत्तरसूचीत 'मादी' असं छापून झालेलं. तीस प्रती. एक गुण कापावा लागला. त्यानं तक्रार केली नाही. तो अजून वर बघत होता.

समारोपाच्या भाषणात अनुताई वाघांचं नाव जरूर घ्या. डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणात गेली. त्याआधी 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत काम सुरू केलं आणि बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली. टाळ्या पडतात. नंतर हजेरी घ्या. तो पोरगा मेंढरांमागे गेला असेल, तर त्याच्या नावापुढे लाल शाईनं 'गै' लिहा.

परत आल्यावर 'आमची परिसर भेट' हा निबंध फळ्यावर उतरवून द्या. दहा ओळी पुरेत. 'आम्ही रांगेत गेलो. आम्ही निसर्गाचा मनमुराद आनंद लुटला. बाईंनी छान माहिती दिली.' वह्या तपासायला सोप्या जातात. एखाद्या वहीत अकरावी ओळ सापडेलच. मला सापडली होती: 'उद्या परत जाऊन बघनार, मादी आली का.'

'बघनार'मधल्या न ला गोल करा, आणि खाली शेरा द्या: फळ्यावर नाही ते लिहू नये.