सह्याद्री आहे म्हणून नाशिकला वादळाची तयारी नको? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन ग्रुपवर आला, आधी सोसायटीच्या, मग मावसभावंडांच्या, मग आईच्या भजनी मंडळाच्या. सुरुवातच अशी की "नाशिककरांनो, चक्रीवादळ ही कोकणाची काळजी, आपल्याला सह्याद्रीची भिंत आहे, उगाच घाबरून तयारी करत बसू नका." आणि खाली सूचना, की धरणातून पाणी सोडल्याशिवाय पूर येत नाही, वारा सुटलाच तर काचांना चिकटपट्टी लावा आणि एक खिडकी उघडी ठेवा, नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवा, गाडी पाण्यात बुडाली तर लगेच स्टार्ट करून आतलं पाणी काढा. आईने पण पुढे पाठवला, चांगल्या मनानेच पाठवला, म्हणून मी एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, कारण यातलं बरंचसं चूक आहे आणि काही तर जिवावर बेतेल असं आहे.

आधी ती भिंत. 3 जून 2020, लॉकडाऊन चालू होता. निसर्ग वादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्याला लागलं, श्रीवर्धन-दिवेआगरकडे, आणि तिथून जमिनीवरून ईशान्येला सरकत सरकत रात्री आपल्याकडे आलं. तोपर्यंत जोर ओसरला होता हे मान्य, समुद्र सुटला की खालून मिळणारी वाफ बंद होते आणि वादळ दमतं. पण दमलेलं वादळ काय करतं ते आम्ही त्या रात्री बघितलं. समोरच्या रो हाऊसच्या गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी, रिकामी होती, ती आधी गच्चीभर गडगडत राहिली, तो आवाज अजून कानात आहे, आणि मग कठड्यावरून खाली आमच्या गेटसमोर आदळली. जिथे पडली तिथे एरवी रोज संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. लाईट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.

आणि डोंगर वारा थोडाफार अडवत असेल पण पाऊस अडवत नाही, उलट जास्त पाडतो. समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाला धडकून वर चढते, वर गेली की थंड होते आणि बरंचसं पाणी माथ्यावरच ओतते, इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस तो तसाच असतो. आणि त्र्यंबकलाच तर आपल्या गंगेचा, म्हणजे गोदावरीचा उगम. म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेलं पाणी शेवटी येतं कुठे, तर शहरात रामकुंडावर.

वादळ पश्चिमेकडूनच येतं असंही काही नाही. 2021 च्या सप्टेंबरमध्ये गुलाब वादळ बंगालच्या उपसागरातून आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याला लागलं, मराठवाड्याला झोडपून काढलं आणि पार अरबी समुद्रात उतरून तिथे परत वादळ झालं, त्याला मग शाहीन नाव पडलं. अरबी समुद्रात वादळांचे मोसम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. आपण फक्त पहिला लक्षात ठेवतो. पण जूनमध्ये धरणं रिकामी असतात, ऑक्टोबरमध्ये ती भरलेली असतात, आणि द्राक्षवाल्यांना विचारा, डिसेंबर 2017 ला ओखीचा पाऊस बागांवर पडला तेव्हा काय झालं ते.

आता धरणाचं. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की गंगेला पाणी वाढतं, बरोबरच आहे, पण विसर्ग नाही म्हणजे पूर नाही हे कुठून आलं? वाघाडी, नासर्डी, गावाखालून जाणारा सरस्वती नाला, शहरात पडलेलं पाणी हे थेट आणतात, गंगापूरच्या दरवाज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन तास धो धो पडला की दहीपूल आणि सराफ बाजारात पाणी, हे गावातल्या कुणालाही विचारा. माझ्या मामांचं भांडी बाजारात दुकान आहे. 2008 चा पूर त्यांनी बघितला, 2016 चा बघितला, 2019 चाही. 2016 ला खालच्या दोन फळ्यांवरचा माल अख्खा चिखलात गेला, पितळ धुवून निघालं पण खोक्यांतले कुकर-मिक्सर गेले. तेव्हापासून जून ते ऑक्टोबर खालच्या दोन फळ्या रिकाम्या, वह्या आणि बिलं माळ्यावर, आणि इन्व्हर्टर जमिनीवरून उचलून भिंतीत कमरेच्या वर बसवलाय. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून गावात पुराची उंची मोजतात, लोक त्याच्या छातीला पाणी लागलं की बघायला जातात, मामा गुडघ्याला लागलं की माल वर चढवायला घेतात.

इन्व्हर्टरवरून एक सांगते, मेसेजमध्ये नाही पण महत्त्वाचं आहे. घरात पाणी शिरायला लागलं की मेन स्विच बंद करा हे सगळ्यांना माहीत असतं, पण मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालूच राहतो आणि त्या लाईनवरच्या पॉइंटना करंट येतच राहतो, त्यामुळे तो पण बंद करायचा. आणि हे सगळं पाय कोरडे आहेत तोवरच, पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही.

चिकटपट्टी. पट्टीने काच मजबूत होत नाही, फुटायची तेव्हा फुटतेच, फक्त मग मोठे मोठे तुकडे एकत्र अंगावर येतात. काच बहुतेक वेळा उडून आलेल्या वस्तूने फुटते, म्हणून पट्टी लावण्यात जो अर्धा तास घालवाल तो गॅलरीतल्या कुंड्या, वाळत घालायचे स्टँड, गच्चीवरचे सुटे पत्रे आणि जुनी डिश खाली आणण्यात घालवा. आणि एक खिडकी उघडी ठेवली की घरातला दाब सारखा होतो हे तर अजिबातच नाही, आपली घरं काही डब्यासारखी हवाबंद नसतात. उघड्या खिडकीतून वारा आत घुसतो आणि वर पत्रा असेल तर तो आतून उचलतो. सगळ्या खिडक्या बंद, कड्या लावून, आणि स्वतः काचेपासून लांब. स्लायडिंगची खिडकी असेल तर खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात, ती वर्षभराच्या धुळीने बुजतात आणि मग पट्टीत साचलेलं पाणी घरात सांडतं, आजच झाडूची काडी घालून मोकळी करा.

टाकीचं मी वर सांगितलं. वादळाचा इशारा आला की वरची टाकी काठोकाठ भरायची, हजार लिटर म्हणजे एक टन वजन, ती सहसा उडत नाही. शिवाय लाईट गेली की पंप बंद, लिफ्ट बंद, आणि पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही. प्यायचं वेगळं भरून ठेवा, माणशी दिवसाला तीन-चार लिटर, निदान तीन दिवसांचं.

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी स्वच्छ दिसतं आणि माणूस निर्धास्त पितो, म्हणून मला ही सूचना जास्त डेंजर वाटते. गाळ बसू द्या, वरचं पाणी गाळून घ्या आणि खळखळून उकळा, नाहीतर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे.

आणि बुडालेली गाडी कृपा करून स्टार्ट करू नका. इंजिनमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हजारांत निपटणारं काम लाखाच्या घरात जातं. बॅटरीची वायर काढा आणि टोइंग बोलवा. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात मिळत नाही, पॉलिसी आत्ताच काढून बघा.

मेसेजचा सगळ्यात मोठा घोळ मात्र "घाबरून तयारी करू नका" यात आहे. हवामान खात्याचा ऑरेंज नाहीतर रेड अलर्ट येतो तेव्हा हातात फार तर एक-दोन दिवस असतात, तेव्हा प्लंबर मिळत नाही, झाडाच्या फांद्या तोडायला माणूस मिळत नाही. भिंतीवर 112 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आईबाबांना मोबाईलमध्ये शोधायला लावू नका.

आज सकाळी गच्चीवर जाऊन आपल्या बिल्डिंगच्या सहाही टाक्या हलवून बघितल्या, दोन टाक्यांची बांधलेली तार गंजून तुटलीय, एकीचं झाकणच नाही. उद्या प्लंबर येतोय, ज्यांना आपली टाकी दाखवून घ्यायची असेल त्यांनी दहाच्या आत मला सांगा.