‘सकाळी दाखवा’ म्हणण्याआधी

रामबागेतल्या आमच्या ग्रुपवर आठवड्यात चौथ्यांदा हा मजकूर आला: ‘कान-नाक-घशाला इमर्जन्सी नसते. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाका, कानात-नाकात काही गेलं तर कोमट तेल सोडा, ऐकू येईना तर मळ समजा. सकाळी ओपीडीत दाखवा.’ इंदुरात कान-नाक-घशाच्याच वॉर्डात मी 22 वर्षं नर्स होते. गप्प बसवत नाही.

मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, घशात उतरतं. मग उलटी होते आणि घरचे जास्तच घाबरतात. माणसाला बसवा, थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, 10 मिनिटं. मध्येच सोडून बघू नका. दोनदा धरूनही थांबेना, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर निघा.

कानात जिवंत किडा वळवळत असेल तर तेल चालतं, पण कान वाहत नसेल आणि पडदा शाबूत असेल तरच. नाकात मात्र काहीच सोडू नका. तीन वर्षांचा एक मुलगा आठवतो. एकाच नाकपुडीतून दोन दिवस काळपट, घाण वासाचं पाणी येत होतं. आई बिचारी सर्दी समजून वाफ देत राहिली. चिमट्याने निघाला तो खेळण्यातला चपटा सेल. ट्रेमध्ये ठेवला तेव्हा एक बाजू काळी ठिक्कर पडलेली. ओल्या त्वचेला टेकला की सेलमधून वीज वाहते, तिथे अल्कली तयार होते आणि मांस जळतं. त्या पोराच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांत इजा होते. ‘नाणंच असेल’ म्हणून थांबू नका. एक्स-रेत कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं तर तो सेल असण्याचीच शक्यता जास्त.

रात्री नीट ऐकू येत होतं आणि सकाळी एक कान बंद, हा दरवेळी मळ नसतो. नसेचा बहिरेपणा असेल तर स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत जास्त. दोन आठवडे गेले की आशा कमी होते.

जुना मळ, महिन्याची सर्दी सकाळपर्यंत थांबू शकते, एवढं त्या मजकुरातलं खरं. पण लाळही गिळवत नाही, तोंड उघडत नाही, श्वास घेताना घरघर होते, तर तडक 108 लावा. इंदुरातल्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते.