बँड एक, रेशो 1.8, द्या पाठवून? जरा थांबा

प्रोजेक्टचे दिवस आले की एमएस्सीच्या मुलांमध्ये सँगर सिक्वेन्सिंगच्या (डीएनएतल्या बेसचा, म्हणजे अक्षरांचा, क्रम वाचण्याच्या पद्धतीच्या) 'खात्रीशीर टिप्स' फिरू लागतात. त्यांचा सारांश असा: नॅनोड्रॉपवर (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) 1.8 आलं म्हणजे डीएनए शुद्ध. जेलवर एकच बँड असेल तर पीसीआर प्रॉडक्ट (पीसीआरने बनवलेल्या डीएनएच्या प्रती) तसंच पाठवा. सिग्नल कमी आला तर डीएनए वाढवा. विरघळवायला टीई (ट्रिस आणि ईडीटीएचं बफर) उत्तम. आणि पीकवर पीक (निकालाच्या आलेखातले बेसचे उंचवटे) चढले तर मशीन बिघडलंय. यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच घोळ होतो.

आधी तो 1.8. हे 260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर. आरएनए ते वर नेतो, प्रोटीन खाली ओढतं. मिनीप्रेपमध्ये (जिवाणूंमधून काढलेल्या प्लाझ्मिड डीएनएमध्ये) दोन्ही राहिले तर आकडा नेमका 1.8 वर येऊन बसू शकतो! शिवाय 260 ला आरएनए, प्रायमर (डीएनएची नक्कल सुरू करून देणारे छोटे तुकडे), सुटे न्यूक्लिओटाइड सगळेच शोषतात. विश्वास बसत नसेल तर पीसीआरची निगेटिव्ह कंट्रोलची नळी शुद्ध न करता नॅनोड्रॉपवर ठेवून बघा. डीएनए नाही, तरी शेकडो नॅनोग्रॅम दिसतील; ते सगळे डीएनटीपी (तेच सुटे न्यूक्लिओटाइड) आणि प्रायमर. म्हणून प्रमाण क्युबिट या फ्लोरोमीटरवर मोजा, त्याचा डाय दुपदरी डीएनएलाच धरतो. आणि 260/230 कडेही नजर टाका. ते 2 च्या बरंच खाली असेल तर बहुधा किटमधलं ग्वानिडीन किंवा फिनॉल मागे राहिलंय.

एकच बँड दिसणं चांगलंच, पण उरलेले प्रायमर जेलवर सहसा नजरेत भरत नाहीत. सिक्वेन्सिंगच्या रिॲक्शनला एकच प्रायमर हवा. दुसरा आत शिरला की दोन्ही दिशांचे सिक्वेन्स एकमेकांवर छापले जातात. उरलेले डीएनटीपी डायडीऑक्सीचं (साखळी थांबवणाऱ्या न्यूक्लिओटाइडचं) प्रमाण बिघडवतात ते वेगळंच. उपाय स्वस्त आहे: प्रायमर खाणारा एक्झोन्यूक्लिएज आणि डीएनटीपी निकामी करणारा श्रिम्प अल्कलाइन फॉस्फटेज, 37 अंशांवर 15 मिनिटं, मग 80 अंशांवर 15 मिनिटं. मात्र हे एन्झाइम जादाचा बँड खात नाहीत. तो असेल तर जेल कापावंच लागतं, आणि तेव्हा यूव्हीखाली रेंगाळू नये.

डीएनए वाढवण्याचा सल्ला तर उलटाच अंगाशी येतो. बिगडाय (BigDye) या सिक्वेन्सिंग किटला 500 ते 1000 बेसच्या पीसीआर प्रॉडक्टचे 5 ते 20 नॅनोग्रॅम पुरतात, प्लाझ्मिडचे 150 ते 300. जास्त घातलंत की टर्मिनेटर (तेच डायडीऑक्सी) लहान तुकड्यांवरच खर्ची पडतात. सुरुवातीला गगनचुंबी पीक, पुढे ठणठणाट. सिग्नल मुळातच कमी असेल तर आधी मीठ, इथेनॉल आणि प्रायमर तपासा.

टीईमधलं ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि पॉलिमरेजला तेच हवं असतं. 10 मिलिमोलर ट्रिस किंवा साधं पाणी वापरा. विषय संपला.

आता मशीन. ते कधीकधी बिघडतंही, पण पीक दुहेरी कुठून झाले ते पाहिल्याशिवाय त्याला नावं ठेवू नका. पहिल्या बेसपासून दुहेरी असतील तर दोन प्रायमर किंवा टेम्प्लेटवर (वाचायच्या डीएनएवर) प्रायमर बसण्याच्या दोन जागा. स्वच्छ चालता चालता एका ठिकाणाहून विस्कटले तर तिथे हेटेरोझायगस इनडेल (दोनपैकी एकाच प्रतीत बेस कमी-जास्त) असू शकतो, किंवा क्लोन असेल तर दोन कॉलनी मिसळल्या असतील. लांबलचक ए किंवा टी च्या ओळीनंतर विस्कटले तर बहुधा पॉलिमरेज घसरलाय. अशा वेळी रिव्हर्स प्रायमरने त्याच जागेवर दुसऱ्या बाजूने या.

हे सगळं फक्त क्रोमॅटोग्राममध्ये (पीकच्या आलेखात) दिसतं, नुसत्या टेक्स्ट फाइलमध्ये नाही. साधारण 70-80 व्या बेसच्या आसपास उरलेल्या डायचा फुगीर डाग येतो आणि सॉफ्टवेअर त्यालाही बेस समजून अक्षर देऊन टाकतं. असं अक्षर म्युटेशन म्हणून प्रबंधात मिरवताना मी पाहिलंय.