राजधानी पडली म्हणजे राज्य बुडालं?

‘एम्पायर: टोटल वॉर’ या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेमवर एक लेख वाचला. मराठे घेऊन खेळताना आधी राजधानी सांभाळा, ती पडली की राज्य बुडतं, हा त्यातला सल्ला बरोबर आहे. पण ‘इतिहासातही असंच होतं’ हे पुढचं वाक्य अजिबात पटलं नाही. गेम सुरू होतो १७०० मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये राजधानी साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाकडे गेला. राज्य बुडालं का? आधीची राजधानी रायगड तर १६८९ मध्येच गेली होती, त्यानंतरची जिंजी १६९८ मध्ये. तरी ताराबाईंनी लढाई मोगली मुलखात नेली, आणि म्हातारा बादशहा किल्ल्यामागून किल्ला घेत फिरत राहिला. गेममध्ये मात्र मुख्य शहर पडलं की अख्खा प्रांत शत्रूच्या खिशात. सगळे प्रांत गेले की खेळ खलास!

गनिमी कावा गेममध्ये नाहीच, हे लेखातलं म्हणणंही अर्धंच खरं. तोफा घरी ठेवून नुसतं घोडदळ मोगल प्रांतात घुसवा आणि शहराच्या वाटेला न जाता बाहेरच्या शेतांवर, गावांवर नेऊन बसवा. त्यांचं उत्पन्न घसरतं, आणि मोठी फौज आली की आपण पसार. चौथाई वसूल करायची सोय तेवढी द्यायला हवी होती राव.